सव्विसावं प्रकरण

कासमभाई अत्तारांच्या नाकाबद्दल मी जे सांगेन, त्यातलं निम्मंच खरं धरा. निम्मं धरलंत तरी तुम्ही जन्मभर पाहिलेली सगळी नाकं त्यात बुडून जातील. मी शाळामास्तर. मास्तर खोटं बोलत नाही; मागच्या बाकावरच्यालाही दिसावं म्हणून फळ्यावर अक्षर जरा मोठं काढतो, इतकंच.

शिवाजी पेठेत तालमीला लागून त्यांचं दुकान होतं. दोन माणसं आत बसली की तिसऱ्यानं श्वास बाहेर जाऊन घ्यायचा, एवढं ऐसपैस. तालमीतून तांबड्या मातीचा, तेलाचा आणि घामाचा वास यायचा, दुकानातून हिना, केवडा नि मोगरा बाहेर पडायचा, आणि रोज सकाळी भर रस्त्यात या दोघांची कुस्ती लागायची. दुपारपर्यंत निकाल लागत नसे. महाराजांच्या राज्यात रस्त्यानं दरबारचा हत्ती जाणं ही रोजचीच रहदारी. तो हत्ती सगळ्या पेठेतून सरळ चालायचा आणि कासमभाईंच्या दुकानाशी आला की थांबायचा. सोंड आत. माहूत वरून शिव्या घालतोय, मागं चार बैलगाड्या तुंबल्यात, आणि हत्ती डोळे मिटून वाळ्याचा वास घेतोय. कासमभाई त्याच्या सोंडेला कापसाचा एक फाया लावत आणि म्हणत, "जावा आता, दादा. बाकीच्या गिऱ्हाइकास्नी बी येऊ द्या की."

डोळ्यांनी त्यांना जेमतेम दिसायचं. चष्मा होता, पण तो टोपीवर. माणूस ओळखायचा तो नाकानं. एकदा शाळा सुटल्यावर मी दुकानाच्या पायरीवर पाय ठेवतोय तोच आतून आवाज आला,

"या मास्तर. आज तिसरीच्या वर्गावर हुता न्हवं?"

"कशावरून?"

"खडूसंगट चिंचंचा वास येतोय. कुणाची तरी चिंच काढून घेतलीया."

"शिस्त लावावी लागते, कासमभाई."

"व्हय की. पर वास खिशातनं येत न्हाय, मास्तर. तोंडातनं येतोय."

त्या दिवसापासून मी त्यांच्याकडे जाताना गूळ खाऊन चूळ भरून जात असे. तरी ते विचारायचे, "चूळ कशापायी भरली?"

असला हा माणूस अकरा वर्षं कादंबरी लिहीत होता.

मी एकदा विचारलं, अत्तरासारखा झकास धंदा असताना हे कुठलं खूळ? त्यांनी एक कुपी उघडली, माझ्या मनगटाला लावली आणि म्हणाले, "हुंगा. आता परवा हुंगा. काय उरतं?" मी म्हटलं, काही नाही. "तेच की. आजानं केलं ते उडालं, बाऽनं केलं ते उडालं, माझं बी रोज उडतंय. उडणार न्हाय असं कायतरी येक करून जावं म्हणतो."

कादंबरी होती येसबा नावाच्या गड्याची. गावची सासनकाठी, ती उंचच्या उंच मानाची काठी, खांद्यावर घेऊन येसबा जोतिबाच्या डोंगरावर चढतो, वर गुलाल विकणाऱ्या गंगूला बघतो, आणि बारा वर्षं खाली उतरत नाही. गाव वाट बघतं. काठी वाट बघते. कासमभाईंच्या बायकोलाही, जैनबभाभींना, वाट बघून कंटाळा आला होता. "त्या मेल्याला येकदा खाली तरी आणा," त्या पडद्याआडून ओरडायच्या, "न्हायतर गंगूला तरी वर कायतरी कामधंदा द्या. अकरा वर्सं नुसती गुलालच विकतीया बाई!"

लिहायचे ते पुड्या बांधायच्या कागदाच्या पाठीवर. अक्षर असं, की मुंगळा शाईत पडून घरी चालत गेलाय. म्हणून ते उतरून काढायचं काम माझ्याकडे आलं. माझं अक्षर मोत्यासारखं. हे मी म्हणत नाही, मोती बघितलेली माणसं म्हणायची. काम देताना त्यांनी एकच अट घातली.

"जे हाय त्येवढंच उतरा, मास्तर. अत्तरात पाणी आन् कादंबरीत मास्तर, दोन्ही मिसळू ने."

दोन वर्षं लागली. एक्केचाळीस प्रकरणं. प्रत्येक प्रकरण मी वेगळं दोऱ्यानं शिवलं, आणि सगळी चवड जैनबभाभींनी तांबड्या फडक्यात बांधली. मी एकेक पान उतरून परत दिलं की कासमभाई मूळ कागदात अत्तराची कुपी गुंडाळून गिऱ्हाइकाला देऊन टाकत. कागद वाया घालवणं त्यांना पटत नसे. तेव्हा जगात येसबा होता तो त्या तांबड्या फडक्यात. दुसरा नव्हता. हे ध्यानात ठेवा.

आता छापायची कुणी? गंगावेशीकडे एक छापखानेवाले होते, लग्नपत्रिका आणि कुस्त्यांची हँडबिलं छापायचे. ते चवड बघून दोन पावलं मागं सरकले. "कादंबरी? मधे कोण आहे?" म्हणाले. मधे कुणी नव्हतं. एका बाजूला कासमभाई, दुसऱ्या बाजूला ते, आणि मधे मी नुसता उभा. मग पुण्याला पार्सल गेलं. महिन्यानं परत आलं. "अपरिचितांचे लेखन आम्ही पाहत नाही. कोणा परिचिताच्या मार्फत यावे." मुंबईचं उत्तर तसंच, फक्त अक्षर जास्त वळणदार. बेळगावच्या गृहस्थांनी प्रामाणिकपणे कळवलं की पार्सल फोडल्यापासून कचेरीत मधमाश्या येतात, तरी तातडीनं परत पाठवत आहोत. पोस्टमन तर सांगायचा, गाडी रुकडीला असतानाच कोल्हापूर स्टेशनात कळतं, अत्तारांची कादंबरी परत आली.

दुसरा कुणी असता तर अंथरूण धरलं असतं. कासमभाईंनी तिन्ही पत्रं कात्रीनं चौकोनी कापली आणि पुड्या बांधायला घेतली. पुढचे पंधरा दिवस पेठेत ज्याच्या त्याच्या खिशातल्या कुपीवर "दिलगीर आहोत" लिहिलेलं. एका नवरदेवानं ती कुपी बायकोला दिली. मग काय झालं ते मला माहीत आहे, पण सांगत नाही.

पण "मार्फत" हा शब्द त्यांच्या नाकात बसला.

"मास्तर, पैलवानाच्या मागं वस्ताद असतो. पोरीच्या लग्नात मधे मध्यस्थ असतो. गुळाला अडत्या असतो. शेतकऱ्याचा माल तो इकतो, घेणाऱ्याची अन् देणाऱ्याची गाठ घालतो. मग कादंबरीनंच काय घोडं मारलंय? तिला बी येक मार्फत माणूस पायजेलच की."

"असा माणूस कोल्हापुरात कुठं मिळणार?"

"हुडकायचा."

पहिल्यांदा आम्ही सोयरिकी जमवणाऱ्या तात्यांकडे गेलो. तात्यांनी अर्धा जिल्हा उजवला होता. त्यांनी पानाचा विडा लावला, चवडीकडे तिरकं बघितलं, आणि विचारलं, "घराणं?"

"अत्ताराचं."

"रूप?"

"अक्षर मास्तरांचं हाय. चांगलं हाय."

"खोट काय ती आधी सांगा. मागनं कळली तर माझी लाज जाते."

कासमभाईंनी प्रामाणिकपणे विचार केला. "मधी जरा लांबलीया."

"लांब पोरगी खपत नाही," तात्या म्हणाले, आणि विडा तोंडात गेला. संपलं.

मग तालमीतले वस्ताद. वस्तादांनी तिला एका हातानं उचललं, दुसऱ्या हातानं उचललं, आणि नापसंतीनं मान हलवली. "अंग न्हाय हिला. रोज शेरभर तूप, शंभर जोर, आन् सहा म्हैने कुणाला दावायची न्हाय." कासमभाईंना हा सल्ला पटला होता, असं मला वाटतं, कारण पुढच्या दोन महिन्यांत येसबाला त्यांनी आणखी एक प्रकरण दिलं, ज्यात तो नुसता जेवतो. बेचाळीस झाली.

तात्या नाही म्हणाले, वस्ताद नाही म्हणाले, आणि प्रत्येक वेळी परत येताना हा माणूस वाटेत उभा राहून कुठल्या घरात कसली फोडणी पडलीय ते मला सांगायचा. खुशीत. एकदाच, फक्त एकदाच, दुकानाची फळी लावताना ते म्हणाले, "मास्तर, मी मेल्यावर तुमची भाभी हे फडकं उघडल आन् आत नुसता वास असंल, आसं व्हायला नगो." मला त्या दिवशी चूळ भरल्याचीही लाज वाटली.

शेवटी आम्ही खऱ्याखुऱ्या अडत्याकडे गेलो. स्टेशनाजवळच्या गुळाच्या पेठेत बसाप्पाण्णांची अडत होती. माणूस मूळचा कर्नाटकातला, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, पोट असं की गुळाच्या ढेपांत बसला की मोजणारा एक ढेप जास्त मोजायचा. त्यांना मराठी बोलता यायचं, वाचता यायचं नाही.

"वाचायला कशाला पायजे?" अण्णा म्हणाले. "गूळ मी करतो काय री? इकतो. माल आणा. पर इकणार माझ्या रीतीनं. कबूल?"

"कबूल," कासमभाई म्हणाले, आणि तांबडं फडकं ढेपांच्या थप्पीवर ठेवून आले. तिथून परत जाताना ते तालमीच्या पोरांसारखे चालत होते. अकरा वर्षांत पहिल्यांदा "पाहून कळवू" असं न म्हणता कुणीतरी माल उतरवून घेतला होता.

ते गेले, मी मात्र मागं रेंगाळलो. आणि अण्णांची रीत मी डोळ्यांनी बघितली.

गुळाच्या पेठेत ढेप वरून बघून कुणी घेत नाही. वरचं अंग भुलवतं. अडत्या ढेप मधोमध फोडतो, पोटातला खडा काढतो आणि गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवतो. गिऱ्हाईक चाखतं. आणि हातावर ठेवलेला खडा कुणी परत मागत नाही. चाखला तो त्याचा. साऱ्या पेठेचा हा धर्म.

कोकणातून एक व्यापारी आला होता. अण्णांनी फडकं सोडलं, चवड बरोब्बर मधोमध उघडली, एक शिवलेलं प्रकरण उपसलं आणि त्याच्या हातावर ठेवलं.

"चाखा री. पोटातला माल हाय. कडेचा न्हाय."

मला दिसत होतं काय होणार ते. मी "अण्णा!" म्हणून पुढं झालो. अण्णा वळले, मला बघितलं आणि हसून म्हणाले, "मास्तर बी आले? घ्या, तुम्ही बी चाखा," आणि मधलं आणखी एक प्रकरण माझ्या हातावर ठेवलं.

त्यानंतर आठ दिवस मला ताप होता. होता म्हणजे होता. नवव्या दिवशी कासमभाईंबरोबर मी पेठेत गेलो. थप्पीवर तांबडं फडकं होतं, आणि त्यात पहिली चार प्रकरणं आणि शेवटची तीन.

"बाकीचं?" कासमभाईंनी विचारलं.

अण्णा खुशीत होते. "खपतंय की! कोकणवाला घेऊन गेला, निपाणीचा तंबाखूवाला घेऊन गेला, सांगलीचा हळदवाला, कबनूरचा साळी. समद्यांनी चाखायला नेलं. हे कडेचं राहिलंय. कडेचं कोण घेत न्हाय."

"परत कधी आणून देणार ते?"

"परत?" अण्णांनी माझ्याकडे बघितलं, जणू कासमभाईंना एकाएकी वेड लागलंय. "चाखलेला खडा परत कोण आणतं री?"

कासमभाई ढेपांवर बसले. त्यांनी टोपीवरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. तो मी त्यांच्या डोळ्यांवर तेव्हा पहिल्यांदाच बघितला. येसबा पहिल्या चार प्रकरणांत डोंगर चढत होता आणि शेवटच्या तीनांत उतरत होता. वर जाऊन त्यानं काय केलं, याचा जगात कागद नव्हता. अण्णांना जेव्हा कळलं की दुसरी प्रत नाही, तेव्हा तो पहाडासारखा माणूस असा रडला की खालच्या दोन ढेपा विरघळल्या. कासमभाईच उठून त्यांची समजूत घालायला लागले. "ऱ्हाऊ द्या, अण्णा. तुमची रीत हाय ती. म्याच इचारलं न्हाय." आणि खिशातून फाया काढून त्यांच्या कानात घातला.

घरी जैनबभाभी एवढंच म्हणाल्या, "मेला खाली उतरला म्हणायचा येकदाचा." आणि पदर तोंडाला लावून आत गेल्या.

ते वर्ष कसं गेलं ते मी वाढवून सांगणार नाही. दुकान उघडायचं, हत्ती थांबायचा, फाया मिळायचा. पण मी पायरी चढलो तरी कासमभाई काय खाल्लं ते सांगत नव्हते.

दिवाळी झाली, गुऱ्हाळं लागली, गुळाच्या गाड्या पेठेत यायला लागल्या. आणि एका सकाळी घोंगडी खांद्यावर टाकलेला एक माणूस पत्ता विचारत दुकानाशी आला.

"अत्तारांचं दुकान हेच न्हवं?"

कासमभाईंनी मान वर केली. "निपाणीचं पावणं. तंबाखू."

"व्हय. ते ऱ्हाऊ द्या. येसबानं गंगूच्या दुकानापुढं काठी टेकली, पर ती त्येला बोलली का न्हाय? माझ्या कागदात तितं संपलंय. आमच्या वखारीत वर्सभर भांडणं चालल्यात. माझा मेव्हणा म्हणतो बोलली. मी म्हणतो, अशी बाई बोलत न्हाय."

कासमभाईंच्या चेहऱ्यावर जे झालं, ते मी आजवर फक्त जोतिबाच्या डोंगरावर गुलाल उधळतात तेव्हा बघितलंय.

"बसा," ते म्हणाले. "सांगतो."

मग ती माणसं आलीच आली. सांगलीचा हळदवाला, पिवळ्याजर्द बोटांनी अकरावं प्रकरण धरून. कबनूरचा साळी, ज्याच्या मागावर दर गुरुवारी सगळी आळी सतरावं ऐकायला जमायची. कोकणवाल्यानं एकविसावं आणलं आणि त्याला बोंबलाचा असा वास येत होता की हत्ती त्या दिवशी न थांबता गेला. प्रत्येकाला आपल्या खड्याच्या आधीचं आणि नंतरचं हवं होतं. दुकानात जागा नाही म्हणून तालमीनं कुस्तीचा हौदा मोकळा करून दिला. तांबड्या मातीत पैलवान, व्यापारी आणि गाडीवान मांडी घालून बसलेत आणि कासमभाई वाचतायत. अण्णा दारात उभे राहून जो येईल त्याच्या हातातला कागद उतरवून घेत होते. "समदं आणा री. चाखायचं झालं, आता माल पुरा करायचा." आपल्या पेठेचा धर्म मोडणारा तो पहिला अडत्या.

शिमग्यापर्यंत बेचाळीसपैकी एक्केचाळीस प्रकरणं तांबड्या फडक्यात परत आली, प्रत्येकाला वेगळा वास. एकच आलं नाही. सव्विसावं. त्यात गंगू येसबाला डोंगर उतरायला सांगते.

गंगावेशीकडचे छापखानेवाले आता आपण होऊन आले. हँडबिलं न्यायला येणारा जो तो त्यांना विचारत होता, येसबा छापून झाला का म्हणून. "मधे कोण आहे?" असं त्यांनी विचारलं नाही, कारण मधे बसाप्पाण्णा बसले होते, दिसत होते. अण्णांनी गुळाच्या सौद्याची रीत केली. रुमाल पसरला, त्याखाली एका बाजूनं छापखानेवाल्यांचा हात आणि दुसऱ्या बाजूनं कासमभाईंचा. किती प्रती, ते बोटांनी ठरणार. बराच वेळ रुमाल नुसता हलत होता. मधेच छापखानेवाले "अगाई" म्हणाले. सौदा झाला. पाचशे.

"आणि सव्विसावं?" त्यांनी बोटं चोळत विचारलं. "ते पुन्हा लिहून द्या."

"लिवणार न्हाय," कासमभाई म्हणाले. "कुणाच्या तरी तोंडात हाय ते. पानं कोरी सोडा."

आणि खरंच, पुस्तक निघालं त्यात सव्विसाव्या प्रकरणाच्या मथळ्याखाली आठ कोरी पानं होती. शेवटी एक ओळ: "ज्यांजकडे असेल त्यांनी चवीने वाचून आणून द्यावे." लोक ती ओळ वाचून दुकानात यायचे. गंगू काय म्हणाली असेल ते ज्याचं त्यानं सांगायचं. कुणी पाणी भरता भरता थांबून सांगायचं, कुणी कोर्टातून येताना. कासमभाई ऐकायचे, फाया द्यायचे, आणि म्हणायचे, "बरं हाय. पर ते न्हवं."

पुढं दोन वर्षांनी माझी बदली कबनूरच्या शाळेत झाली. बिऱ्हाड गाडीत भरलं आणि निरोप घ्यायला मी दुकानाशी गाडी थांबवली. कासमभाई उठून पायरीशी आले. माझ्या कानात हिन्याचा फाया घातला. मग गाडीतल्या माझ्या ट्रंकेकडे वळले आणि त्यांचं ते नाक जरा वर झालं.

"मास्तर."

"काय?"

"ट्रंकेला वास येतोय. गूळ, आन् माझ्या दुकानाचा जुना हिना. तीन वर्सांचा तरी असंल."

गाडीवानानं कासरा ओढला होता. मी त्याला थांब म्हणायलाही विसरलो. तीन वर्षं मी ते आठ ताव ट्रंकेच्या तळाशी ठेवले होते. ज्या दिवशी अण्णांनी माझ्या हातावर ठेवले त्याच दिवशी परत द्यायला हवे होते. पण त्यात गंगूच्या तोंडी माझी दोन वाक्यं होती. उतरून काढताना राहवलं नव्हतं, घातली होती. छापलं गेलं असतं तर कळलं असतं, आणि कळलं नसतं तर त्याहून वाईट वाटलं असतं.

"कासमभाई, मी..."

"'चढताना माणूस देवाचा असतो. उतरताना कुणाचा, ते उतरल्यावरच कळतं,'" कासमभाई म्हणाले. एकही अक्षर न चुकता. "ही दोन माझ्या नाकातली न्हवती. तुम्ही आणून दिलं त्याच दिशी कळलं हुतं."

"मग काढली का नाहीत?"

"बरी हुती म्हणून."

"आणि सव्विसावं माझ्याकडं आहे, हे?"

"पेठंत माझ्या कादंबरीचा वास न येणारा तुम्ही येकलेच हुता, मास्तर. रोज चूळ भरून येत हुता." ते हसले. "ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी. पुस्तक पुरं झालं की माणूस मिटवून ठेवतो आन् ते उडून जातं, अत्तरागत. उणं हाय म्हणून रोज कोण ना कोण हुडकत येतंय. अकरा वर्सं म्या हुडकलं मार्फत माणूस; आता लोक मला हुडकत्यात."

जैनबभाभी पडद्याआडून म्हणाल्या, "मास्तरांना म्हणावं, आता येसबागत बारा वर्सं तिकडंच बसू नका."

गाडी हलली. तालमीच्या कोपऱ्यावर वळताना मी मागं बघितलं. दुकानाशी कुणीतरी नवखा माणूस पायरी चढत होता. कासमभाईंनी नाक वर केलं, त्याचा वास घेतला, आणि माझ्या गाडीकडे बघत, सगळ्या पेठेला ऐकू जाईल अशा आवाजात त्याला विचारलं,

"या पावणं! सव्विसावं प्रकरण घिऊन आलाय व्हय?"